पाठमोऱ्या वर्गाचा तास

शिक्षणसेवक म्हणून पहिली नेमणूक कन्नड, सोयगाव नाहीतर पैठण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर किंवा तांड्यावर निघाली, की रुजू झाल्याच्या दिवशीच हिशेब समजतो. इयत्ता चार, खोल्या दोन, शिक्षक दोन. डी.एड.चे सराव पाठ एकेका इयत्तेसमोर घेतलेले. जोडवर्ग अध्यापनाचं प्रकरण असलंच तर परीक्षेपुरतं वाचलेलं. आणि आता एकाच खोलीत डावीकडे तिसरी, उजवीकडे चौथी, मधे तुम्ही.

ही अडचण तात्पुरती आहे असं धरून पहिली दोन-तीन वर्षं ढकलणारे बरेच असतात. तसं धरू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या अनुसूचीतच पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक धरले आहेत. म्हणजे कायदा तंतोतंत पाळला तरी छोट्या शाळेत वर्ग जोडावेच लागणार. ‘असर’च्या पाहणीला कार्यकर्ते शाळेत जातात तेव्हा दुसरीची आणि चौथीची मुलं दुसऱ्या एखाद्या इयत्तेबरोबर बसली आहेत का, हे आवर्जून टिपतात. ती तशी बसलेली आढळणं ही आता देशभरातल्या सरकारी शाळांत नेहमीची गोष्ट आहे. जादा शिक्षकाची मागणी जरूर करा; संघटनेतून करा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन करा. पण कागद वर जाऊन खाली येईपर्यंत समोरच्या मुलांचं चौथीचं वर्ष संपलेलं असतं.

बहुतेक जण जोडवर्ग पळापळीवर चालवतात. दहा मिनिटं इकडे, दहा मिनिटं तिकडे. इकडच्यांना शिकवताना तिकडच्यांना सांगायचं, “तोवर पाठ वाचा”, “पाढे लिहा”, “शुद्धलेखन काढा”. संध्याकाळी घसा बसतो आणि दोन्हीकडचं अर्धवट राहिलं ही बोच उरते. गणित मांडून बघा. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवले आहेत. तुम्ही वेळ अगदी समसमान वाटलात तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला ४०० तास असे येतात, की सरांची किंवा मॅडमची पाठ त्याच्याकडे आहे. तुम्ही समोर उभं राहून काय शिकवता यावर प्रशिक्षणांत पुष्कळ बोललं जातं. जोडवर्गाचं यश मात्र या ४०० तासांवर ठरतं.

म्हणून टाचण उलट्या टोकाकडून काढायला घ्या. आधी पाठमोऱ्या वर्गाचं काम लिहा, मग तुम्ही स्वतः काय शिकवणार ते. हे काम सुचवायला शिकवण्यापेक्षा जास्त डोकं लागतं, सुरुवातीला तर फारच. ते काम मुलाला तुम्हाला न विचारता सुरू करता आलं पाहिजे. त्यात नवीन संबोध नको. कालपर्यंत शिकवलेल्याचाच वापर हवा. ते दोन मिनिटांत संपणारं नको, कारण आधी संपवलेलं मूलच शेजाऱ्याची पेन्सिल ओढतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपलं बरोबर आलं की चुकलं हे मुलाला स्वतःला कळायला हवं. ही शेवटची अट पाळली तर वही तपासून घ्यायची रांग आपोआप तुटते. गणिताच्या कार्डामागे उत्तर लिहा. शब्दपट्टीमागे चित्र काढा. जोड्या लावायच्या पुठ्ठ्यांना अशी खाच कापा, की बरोबर जोडीच एकमेकीत बसेल. लग्नपत्रिकांचे जाड कागद गावात ढिगाने मिळतात. त्यांच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने एका दुपारी पन्नास कार्डं होतात, आणि चौथीच्या मुलांना सांगितलं तर ती दुसरीची कार्डं तुमच्याहून हौसेने करतात.

पाठ्यपुस्तकातून उतरवून काढणं हे काम नव्हे. त्याने शांतता मिळते, अधिकाऱ्यांची भेट असेल त्या दिवशी ती उपयोगीही पडते. पण उतरवणाऱ्या मुलाचा हात चालतो, बाकी काही चालत नाही. ‘पाढे लिहा’ याऐवजी ‘सातच्या पाढ्यातल्या कोणत्या संख्या पाचच्या पाढ्यातही येतात, शोधा’ म्हणा. वेळ तेवढाच लागतो, पाढाही लिहून होतो, वर शेजारच्याशी वाद घालायला काहीतरी मिळतं.

आता खोली. दोन फळे एकाच भिंतीवर शेजारी-शेजारी असतील तर दोन्ही वर्गांना दोन्ही फळे दिसतात आणि तिसरीतलं पोर चौथीचं गणित बघत बसतं. (तसं त्याने अधूनमधून बघणं वाईट नाही, जोडवर्गातली हुशार मुलं असंच पुढचं उचलतात.) जमलं तर फळे समोरासमोरच्या भिंतींवर घ्या आणि मुलांना पाठीला पाठ करून बसवा. तिसऱ्या भिंतीला खालच्या बाजूने, बसलेल्या मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर, काळ्या रंगाचा पट्टा मारून घ्या आणि चौकोन पाडून प्रत्येकाला जागा वाटून द्या. तुम्ही तिसरीला शिकवत असताना मान वर केली की चौथीतल्या कोणाचं काय चाललंय ते उभ्या जागेवरून दिसतं. वहीतलं तसं दिसत नाही.

आवाज खाली ठेवा. तुम्ही मोठ्याने बोललात तर पाठमोरा वर्गही ऐकत बसतो, आणि त्यांच्या गोंगाटावर मात करायला तुम्ही आणखी चढता. ज्यांना शिकवायचं त्यांना जवळ घेऊन खाली बसा, सतरंजीवर, अर्धगोलात. अडलेल्या मुलासाठी एक क्रम जूनमध्येच पक्का करा: आधी कार्ड पुन्हा वाच, मग शेजाऱ्याला विचार, मग गटप्रमुखाला, आणि तरीही अडलं तर पाटी उलटी करून ठेव नि पुढचं काम घे. उलटी पाटी दिसली की तुम्ही मोकळे झाल्यावर तिकडे जाल, एवढा भरवसा मुलांना पाहिजे. तो एक-दोनदा मोडला की मुलं पुन्हा “सर, सर” करत उठून येऊ लागतात.

कोणत्या इयत्ता जोडायच्या, हा प्रश्न बहुतेक शाळांत विचारलाच जात नाही. पहिली-दुसरी एकीकडे, तिसरी-चौथी दुसरीकडे, असं वर्षानुवर्षं चालत आलेलं असतं. त्याला कारणही आहे: परिसर अभ्यास तिसरीपासून सुरू होतो, त्यामुळे विषय जुळतात. पण पहिली-दुसरीच्या खोलीत कोणालाच स्वतःचं स्वतः वाचता येत नसलं, तर तिथे पाठमोरं काम देणारच कसं? तिथला शिक्षक दिवसभर दोन आघाड्यांवर लढतो आणि पलीकडच्या खोलीतला तुलनेने सुखात असतो. दुसरीत वाचायला न येणारी मुलं जास्त असतील तर पहिली-तिसरी आणि दुसरी-चौथी अशी जोडी लावून बघा. तिसरी कार्डांवर काम करते, पहिलीला तुमचा वेळ मिळतो. पुस्तकांतलं अंतर वाढतं, तो तोटा मी कमी धरतो.

याहून सोपा उपाय दोघा शिक्षकांचं पटत असेल तर आहे. रोजचा पहिला तास भाषेचा ठेवा. एकाने फक्त पहिली घ्यायची, दुसऱ्याने उरलेल्या तिन्ही इयत्ता एकत्र घेऊन गोष्ट, गटवाचन, लेखन घ्यायचं. पहिलीसाठी ‘विद्या प्रवेश’चे जे सुरुवातीचे बारा आठवडे आहेत, तेवढे तरी हे पाळा. पहिलीच्या मुलाला त्या काळात मोठ्या माणसाचा चेहरा समोर लागतो. तांड्यावरच्या मुलाच्या कानावर तर घरी गोरमाटी असते, शाळेत आल्यावर मराठी. त्याला कार्ड देऊन कोपऱ्यात बसवणं हा अन्याय आहे. मात्र त्याची ताई तिसरीत असेल तर तिला शेजारी बसवा. सरांनी काय सांगितलं ते ती तिच्या बोलीत सांगते आणि गाडी पुढे सरकते. एकेका इयत्तेच्या स्वतंत्र वर्गात ही सोय नसते.

तिसरी-चौथीचा गणिताचा एक तास उदाहरण म्हणून घेऊ. तिसरीला गुणाकाराची ओळख करून द्यायची आहे, चौथीला बाकी उरणारा भागाकार. दोन्ही इयत्तांतला एकेक जण घेऊन जोड्या करा आणि प्रत्येक जोडीला चोवीस चिंचोके द्या. सारख्या ओळींत किती प्रकारांनी मांडता येतात, बघा. आठ मिनिटं. कोणी तीन ओळी आठच्या करेल, कोणी सहा ओळी चारच्या. एखादी जोडी चोवीसची एकच लांब ओळ लावून खोली अडवेल, तीही बरोबरच आहे. मग इयत्ता वेगळ्या करा. चौथीला कार्डं: जाळीत पन्नास मोसंब्या, एका पिशवीत सहा, किती पिशव्या भरतील, किती उरतील? चिंचोके त्यांच्याकडेच ठेवा, ताळा बघायला. पैठणकडच्या मुलांना मोसंबी सांगा, खुलताबाद-फुलंब्रीकडे आल्याची पोती, सिल्लोडला मका. तुम्ही बारा मिनिटं तिसरीजवळ. त्यांनी मांडलेल्या ओळींवरून ‘आठ, तीन वेळा’ हे बोलणं आणि मग ८ × ३ हे लिहिणं, एवढंच. ते झालं की तिसरी वहीत ठिपक्यांच्या ओळी काढून गुणाकार लिहायला बसते आणि तुम्ही चौथीकडे सरकता. त्यांची गणितं झालेली असतात, काहींची चुकलेली. म्हणून ‘भागाकार शिकवतो’ असं न म्हणता थेट विचारा, सहाने भागताना सात उरले असं कोणाचं आलंय का? का चालत नाही ते? बारा मिनिटं याच एका प्रश्नावर गेली तरी चालतील. शेवटच्या पाच मिनिटांत तिसरीने एक गुणाकार सांगायचा, चौथीने त्यावर वाटणीची गोष्ट रचायची.

या तासात इयत्ता दोन होत्या, साहित्य एकच. विषयही एकच ठेवलात तर तुमच्या डोक्याला ताण कमी पडतो. एकीकडे गणित आणि दुसरीकडे भाषा असं वेळापत्रक कागदावर सोयीचं दिसतं, कारण एका वर्गाला लेखन देता येतं. पण दर दहा मिनिटांनी भागाकारातून कवितेत उडी मारणं थकवतं आणि मुलांना एकमेकांकडून काही घेता येत नाही. माझा कल एका वेळी एकाच विषयाकडे आहे. अपवाद पहिलीचा.

थोडे महिने गेले की आणखी एक गोष्ट दिसू लागते. दुसरीतली दोन मुलं तिसरीच्या बरोबरीने वाचतात, आणि तिसरीतली चार अजून जोडाक्षरावर अडलेली आहेत. हजेरीपटावरची इयत्ता एक, मुलाची पातळी वेगळी. जोडवर्गात ती ओळ ओलांडायला परवानगी लागत नाही, सगळे एकाच खोलीत आहेत. भाषा आणि गणिताच्या एकेका तासाला मुलांना पातळीप्रमाणे बसवा: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. आंध्र प्रदेशातल्या मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीने आपल्या उपग्रह शाळांसाठी याच धर्तीवर कार्डांची शिडी तयार केली. मूल आपल्या पायरीचं कार्ड स्वतः काढून घेतं आणि इयत्तेऐवजी शिक्षकाची किती गरज आहे त्यावरून गटात बसतं: शिक्षकाजवळ, सवंगड्यांजवळ, एकट्याने. त्यातून प्रेरणा घेऊन १९९५च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात ‘नली कली’ सुरू झालं आणि पुढे कर्नाटकभर पहिली ते तिसरीची मुलं मुद्दाम एकत्र बसवली गेली. म्हणजे आपण नाइलाजाने करतो ते त्यांनी ठरवून केलं. ती पूर्ण शिडी एकट्याने बनवायला जाऊ नका, वर्ष त्यातच जाईल. केंद्रातल्या चार शाळांनी एकेक विषय वाटून घ्या आणि शिक्षण परिषदेत अदलाबदल करा. वाचनाच्या पुस्तकांसाठी प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर पातळीनुसार मराठी गोष्टी फुकट मिळतात, छापून, पुठ्ठा लावून ठेवा.

मोठ्यांनी लहानांना शिकवणं आपल्याकडे नवं नाही. पंतोजींच्या शाळेत इयत्ताच नव्हत्या. धुळपाटीवर अक्षर गिरवणारा आणि मोडी लिहिणारा एकाच ओसरीवर बसत, आणि मोठी मुलं लहानांकडून निमकी, पाऊणकी, औटकी म्हणून घेत. मद्रासला अनाथ मुलांची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेलने देशी शाळेत वाळूवर लिहिणारी मुलं पाहिली, मुलांकडून मुलांना शिकवून घेण्याची रीत बसवली आणि १७९७ साली ती लंडनमध्ये छापून प्रसिद्ध केली. पुढे इंग्लंडमध्ये ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून फैलावली. एकेका शिक्षकाखाली शेकडो मुलं बसवली गेली आणि तिथेच ती फसली, कारण मोठ्या मुलांकडे घोकून घेणं एवढंच काम उरलं. आपल्या जिल्ह्यातलं अलीकडचं उदाहरण गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेचं. करोनाच्या काळात तिथली मुलं जपानी भाषा शिकत होती. स्मार्टफोन सगळ्यांकडे नव्हते, म्हणून ऑनलाइन तासाला बसलेली मुलं ‘विषयमित्र’ होऊन बाकीच्यांना शिकवत.

विषयमित्राला मुकादम होऊ देऊ नका. दर पंधरवड्याला बदला. हुशार मुलींच्याच गळ्यात हे काम पडतं, घरी धाकट्याला सांभाळतेच, शाळेतही तेच. त्यावर लक्ष ठेवा. आणि हे काम मुद्दाम कच्च्या मुलाला द्या. चौथीतल्या ज्या मुलाला वाचन जमत नाही, त्याला पहिलीचं पुस्तक हातात दिलं तर तो लाजेने पान उघडत नाही. त्यालाच सांगा, शुक्रवारी ही गोष्ट तुला पहिलीतल्या दोघांना वाचून दाखवायची आहे. तो ती गुरुवारपर्यंत चार वेळा वाचतो, अडलं तिथे स्वतः येऊन विचारतो.

पालक विचारतील, आमचं पोर शिकायला पाठवलंय की शिकवायला? रास्त प्रश्न आहे. उत्तर तोंडी देण्यापेक्षा पालकांना एखाद्या शुक्रवारी त्या तासाला बोलवा. ‘पहिले पाऊल’च्या निमित्ताने माता गट तयार झालेले असतील तर त्यांतल्या एक-दोघी आठवड्यातून एकदा गोष्ट सांगायला, धान्य निवडता निवडता मोजणी घ्यायला आनंदाने येतात. तेवढा अर्धा तास खोलीत तिसरं मोठं माणूस असतं.

परिसर अभ्यासात तर इयत्ता वेगळ्या करायची घाईच करू नका. पाणी घ्या. तिसरी गावातले आड, बोअर, हापसे, टँकरचा थांबा नकाशावर दाखवेल. चौथी नाथसागर कुठे, गोदावरी कुठून येते, शहराला पाणी कसं पोचतं हे शोधेल. शहरातल्या शाळेला पाणचक्की आणि मलिक अंबरची नहर आयतीच आहे. फेरी एक, नोंदी दोन प्रकारच्या. काही जण एका वर्षी दोघांना तिसरीचं आणि पुढच्या वर्षी दोघांना चौथीचं, असं चक्र लावतात. कल्पना चांगली, पण राज्याच्या नियतकालिक चाचण्या इयत्तेप्रमाणे येतात आणि मधेच दुसऱ्या शाळेत गेलेलं मूल अर्धं पुस्तक न शिकता जातं. शिवाय २०२५-२६ला पहिलीपासून नवा अभ्यासक्रम सुरू झाला आहे, पुस्तकं टप्प्याटप्प्याने बदलणार. तेव्हा चक्र लावायचंच तर कला आणि कार्यानुभवापुरतं लावा.

दिवाळीच्या आसपास कापूस फुटतो आणि पट तोच राहून हजेरी गळते. कोयत्यावर गेलेल्या घरातली मुलं हंगामी वसतिगृहात राहिली तर ठीक. गेली असतील तर शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा आणि परत येतील त्या दिवशी ‘आपण पाठ बारावर आहोत’ असं सांगू नका. कार्डांची शिडी खरी उपयोगी पडते ती इथे. जिथे सोडलं होतं त्या पायरीवर मूल बसतं. जोडवर्गात कोण कुठल्या पायरीवर आहे हे असंही सगळ्यांचं वेगवेगळं असतं, त्यामुळे परत आलेलं मूल उघडं पडत नाही.

नोंदी थोड्याच ठेवा. रोज चार मुलं ठरवून घ्या, त्यांच्याच पाठमोऱ्या कामाकडे नीट बघा, प्रत्येकाची एक ओळ लिहा. आठवड्यात सगळा वर्ग होतो आणि आकारिक मूल्यमापनाचे शेरे महिनाअखेरीला कल्पनेने भरावे लागत नाहीत. पोषण आहाराची माहिती भरणं, फोन घेणं, केंद्रप्रमुखांना हवा असलेला तक्ता पाठवणं ही कामं पाठमोऱ्या तासात घुसतात. ती मधल्या सुट्टीकडे ढकला. दोन्ही वर्ग एकाच वेळी पाठमोरे झाले तर खोलीत शिक्षक नसल्यासारखंच.

आणि तो दिवस येतोच, जेव्हा दुसरे सर प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला जातात आणि चारही इयत्ता तुमच्याकडे असतात. त्या दिवसासाठी एक पेटी आधीच भरून ठेवा: दोन मोठ्याने वाचायच्या गोष्टी, प्रत्येक पातळीची कार्डं, चिंचोके, मणीमाळ, परिसर फेरीचे दोन नकाशे. परिपाठ लांबवा, गोष्ट सगळ्यांना मिळून सांगा. पहिलीने चित्र काढायचं, दुसरीने चित्राखाली वाक्य लिहायचं, तिसरीने शेवट बदलायचा, चौथीने संवाद लिहून दुपारी सादर करायचे. पुस्तकातला नवा पाठ त्या दिवशी काढू नका.

पेटीचा खर्च शाळा अनुदानातून होतो. समितीच्या ठरावात ‘अध्ययन साहित्य’ म्हणून लिहून घ्या. कार्डं किती, कोणत्या विषयाची, याची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला करा. नाहीतर तुमची बदली झाली की ती कपाटावर जातात, आणि नवे शिक्षणसेवक जूनमध्ये पुन्हा लग्नपत्रिका गोळा करायला निघतात.